बूढा तालाबच्या काठचे लोक

नागपूरहून निघालेली गाडी गोंदिया मागे टाकते आणि सालेकसा-दरेकसाच्या डोंगरात शिरते. एक बोगदा, दोन्ही बाजूंना साग आणि पळस, मग डोंगरगड. तिथे बम्लेश्वरीच्या टेकडीकडे बघून डब्यातले निम्मे लोक हात जोडतात. राजनांदगाव आणि दुर्ग मागे पडलं, की रायपूर; नागपूरपासून सगळे मिळून चार-पाच तास. १८७७ साली चौदा वर्षांचा एक मुलगा आपल्या कुटुंबाबरोबर याच दिशेने निघाला होता, तेव्हा रेल्वे नागपूरला येऊन संपायची. पुढचा जंगलातला प्रवास बैलगाडीचा, दोन आठवड्यांहून अधिक. मुलाचं नाव नरेंद्रनाथ दत्त. वडील विश्वनाथबाबू वकील होते आणि कामानिमित्त त्यांचा मुक्काम रायपुरात होता. पुढे स्वामी विवेकानंद म्हणून जगाला माहीत झालेला हा मुलगा १८७९ पर्यंत, म्हणजे साधारण दोन वर्षं, बूढापाऱ्यात राहिला.

पारा म्हणजे आपल्याकडची आळी किंवा मोहल्ला. रायपूरच्या जुन्या भागात तात्यापारा आहे, ब्राह्मणपारा आहे, तसाच हा बूढापारा. सदर बाजारातल्या सराफांच्या पेढ्या संपल्या की तो सुरू होतो आणि बूढा तालाबच्या पाण्यापाशी संपतो. दत्त कुटुंब जिथे राहिलं, ती भूतनाथ डे यांची वास्तू अजून ‘डे भवन’ म्हणूनच ओळखली जाते. तिचं स्मारक करायचं राज्य सरकारने मनावर घेतलं आहे. विमानतळाला २०१२ साली विवेकानंदांचं नाव मिळालं. तळंही कागदोपत्री ‘विवेकानंद सरोवर’ झालं आणि तळ्यातल्या बेटावर त्यांचा ३७ फुटी पुतळा बसला. रिक्षावाल्याला मात्र ‘विवेकानंद सरोवर’ सांगून पाहा. तो क्षणभर विचारात पडतो आणि मग म्हणतो, “बूढा तालाब बोलिए ना!”

तळं सहाशे वर्षांपूर्वीचं, कलचुरी राजांच्या काळातलं मानलं जातं. एकेकाळी ते आजच्यापेक्षा बरंच मोठं होतं. कडेकडेने भराव पडत गेला आणि पाणी आक्रसलं. शेजारचं महाराजबंध, तिकडचं कंकाली तालाब अशी तळ्यांची एक माळच या शहरात होती. त्यातली किती मुजली याचा हिशेब जुनी माणसं नावांवरून लावतात. राजबंधा मैदानात आज वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या आहेत आणि ‘बंधा’ तेवढा नावात उरला आहे. त्यामानाने बूढा तालाब नशीबवान. ते शिल्लक राहिलं, आणि एकविसाव्या शतकात तर त्याला पर्यटनस्थळ होण्याचा मान मिळाला.

तो मान नेमका कधी मिळाला, हे इथे महत्त्वाचं आहे. २०२० साली. जग दाराला कडी लावून बसलं होतं, त्या वर्षी महापालिका आणि रायपूर स्मार्ट सिटीने तळ्याच्या कायापालटाचं काम धडाक्याने चालवलं. जलपर्णी निघाली, काठाने फिरायचा रस्ता झाला, कारंजी आली, रंगीत दिवे आले. शहराच्या दुसऱ्या टोकाला तेलीबांधा तळ्याचं असंच रूपांतर आधी होऊन गेलं होतं. रायपूरकर त्याला थाटात ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात आणि संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. बूढा तालाबचं तसंच काहीतरी करायचं होतं.

आमच्या यजमानांचं घर तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. तीन पिढ्या रायपुरात काढलेलं मराठी कुटुंब. घरातलं मराठी ठेवणीतलं, पण राग आला की हिंदी. काकू म्हणाल्या, “लॉकडाऊन उठलं, बाहेर येऊन बघतो तर अपना तालाब पहचानमेंच येईना. छान झालं, नाही कोण म्हणतं? पण आम्हाला कुणी विचारलं?”

छान झाल्याचं त्या मनापासून सांगत होत्या, हे नोंदवायला हवं. बूढापाऱ्यातल्या कुणालाही जलपर्णीने भरलेलं, डासांनी गजबजलेलं जुनं तळं परत नको आहे. गर्दीच्या ठिकाणच्या रहिवाशांबद्दल लिहिताना आपण घाईने त्यांना रागावलेले ठरवतो. इथला राग तेवढा सरळ नाही. सकाळी साडेपाचला याच नव्या रस्त्यावर चालायला येणारी माणसं आजूबाजूचीच आहेत. तीच संध्याकाळी सात वाजता घराच्या फाटकापुढे उभी केलेली अनोळखी मोटारसायकल पाहून कपाळाला हात लावतात.

पहिली ठिणगी पडली ती मैदानावरून. तळ्याला लागून माधवराव सप्रे शाळेचं मैदान आहे. काठचा रस्ता आणि सुशोभीकरण यांत या मैदानाचा आणि जवळच्या दाणी कन्या शाळेच्या जागेचा लचका जाणार, असं दिसताच २०२० मध्ये ‘मैदान बचाओ’चा आवाज उठला. माजी विद्यार्थी, खेळाडू, विरोधी पक्षाचे नेते, सगळे त्यात उतरले. राजकारण त्यात होतंच, रायपुरात ते कशात नसतं? पण मैदानावर खेळून मोठी झालेली माणसंही होती. तोंडावर मुखपट्ट्या आणि अंतर राखून आंदोलन, असा तो काळ.

ज्यांच्या नावाची ही शाळा, त्या सप्र्यांची मराठी वाचकांना फारशी ओळख उरलेली नाही. दमोह जिल्ह्यातल्या पथरियात १८७१ साली जन्मलेल्या या मराठी माणसाने जन्मभर हिंदीत लिहिलं. १९०० साली पेंड्राहून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढलं. सोबत रामराव चिंचोलकर आणि वामन बळीराम लाखे, म्हणजे तिघेही मराठी. टिळकांच्या ‘केसरी’चा हिंदी अवतार त्यांनी नागपुरातून चालवला आणि १९०८ मध्ये तुरुंग पाहिला. ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं ते त्यांनीच. १९११ मध्ये रायपुरात मुलींसाठी शाळा काढली, आणि १९२६ मध्ये देह ठेवला तोही याच शहरात. हिंदीतल्या अगदी पहिल्या कथांत मोजली जाणारी त्यांची १९०१ ची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही गोष्ट एका जमीनदाराची आहे. त्याला आपल्या वाड्याचं आवार वाढवायचं असतं आणि मध्ये एका गरीब विधवेची झोपडी येते. शोभेसाठी जागा वाढवणारे आणि ज्यांची जागा जाते ते, या दोघांची गोष्ट ज्याने लिहिली, त्याच्याच नावाच्या मैदानावरून शंभराहून अधिक वर्षांनी हा वाद पेटावा! आंदोलकांपैकी कुणाला हे आठवलं असेल का, कोण जाणे. मला तरी तिथे उभं राहिल्यावर दुसरं काही सुचेना.

तळ्याच्या काठावरच बलबीर सिंह जुनेजा इनडोअर स्टेडियम आहे. महामारीत त्याचं कोविड केंद्र झालं. बॅडमिंटनच्या जागी खाटा आणि ऑक्सिजन. २०२१ च्या मार्चमध्ये नवा रायपूरच्या मोठ्या मैदानावर निवृत्त क्रिकेटपटूंची ‘रोड सेफ्टी’ स्पर्धा झाली, तेंडुलकरला पाहायला हजारोंनी लोक लोटले. महिना संपायच्या आत खुद्द तेंडुलकर बाधित झाल्याची बातमी आली. ९ एप्रिलच्या संध्याकाळपासून रायपूर जिल्हा कुलूपबंद झाला आणि टाळेबंदी पुढे पुढे सरकत मे महिनाभर राहिली. स्पर्धेमुळेच लाट आली असं म्हणायला पुरावा लागतो आणि तो माझ्याकडे नाही. पण बूढापाऱ्यात आजही गर्दीचा विषय निघाला, की बोलणारा हमखास त्या एप्रिलवर येतो. खिडकीतून दिसणारी रुग्णवाहिकांची रांग आणि समोर नवी कोरी, निर्मनुष्य कारंजी, असं ते दृश्य काकूंनी सांगितलं आणि लगेच चहाचं विचारलं.

मग दारं उघडली. दोन वर्षं कोंडलेलं शहर एकदम बाहेर पडलं. राज्यातही पर्यटनाला जोर आला होता. रायपूरजवळच्या चंदखुरीचं कौसल्या मंदिर ‘राम वनगमन’ मार्गाचा भाग म्हणून ऑक्टोबर २०२१ मध्ये नव्या रूपात खुलं झालं आणि रविवारी तिकडे गाड्यांची रीघ लागू लागली. पण चंदखुरीला जायला गाडी हवी, वेळ हवा. बूढा तालाबला चालत येता येतं. गुपचुपवाले आले (पाणीपुरीला इथे गुपचुप म्हणतात), चाटवाले आले, फुगेवाले, वाढदिवसाचे केक कापून उरलेलं काठावर पुसणारे, आणि रील बनवणारे. काठावर रीतसर चौपाटी करायची, तिचा ठेका द्यायचा, यावरून पुढे महापालिकेत आणि रस्त्यावर भांडणं झाली. सत्ताधारी आणि विरोधक यांनी मधल्या काळात जागा बदलल्या. भांडण मात्र जागच्या जागी राहिलं.

पर्यटनाचा अभ्यास करणाऱ्यांकडे या साऱ्यासाठी एक तयार जिना आहे. जॉर्ज डॉक्सी नावाच्या अभ्यासकाने १९७५ मध्ये तो मांडला. बार्बाडोस बेट आणि कॅनडातलं नायगारा-ऑन-द-लेक ही त्याची उदाहरणं. त्याच्या मते रहिवासी आधी पाहुण्यांमुळे हरखतात, मग त्यांना काही वाटेनासं होतं, मग ते चिडतात आणि शेवटी वैर धरतात. जगभरच्या विद्यापीठांत तो शिकवला जातो. बूढापाऱ्यात तो लावून पाहिला, तर पायऱ्या जागेवर राहत नाहीत. एकाच घरातले आजोबा चिडलेले, सून हरखलेली आणि नातू खाली गुपचुपच्या गाडीपाशी. खुद्द आजोबासुद्धा सकाळी हरखलेले आणि रात्री वैरी.

दुसरी अडचण अशी की डॉक्सीचे पाहुणे दुरून येत. इथले येतात टिकरापाऱ्याहून, पंडरीहून, फार तर दुर्ग-भिलाईहून. त्यांना परका म्हणायचं तरी कसं? २०२४ च्या ६ जुलैला बार्सिलोनाच्या रहिवाशांनी हॉटेलांच्या पडव्यांत बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या, ती छायाचित्रं जगभर फिरली. तिथे ‘आम्ही’ आणि ‘ते’ अशी रेघ ओढता येते. भाषा वेगळी, चलन वेगळं, घरभाडी कुणामुळे वाढली हेही सांगता येतं. सोलच्या बुकचोन या जुन्या वस्तीत त्याच वर्षीपासून संध्याकाळी पाच ते सकाळी दहा या वेळेत पर्यटकांना मज्जाव झाला. व्हेनिसने २५ एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्याकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केली. २०२० मध्ये याच व्हेनिसच्या कालव्यांचं पाणी नितळ झालं होतं. पर्यटक नसले तर आपलं गाव कसं दिसतं, हे रहिवाशांनी एकदा डोळ्यांनी पाहिलं आणि मग ते विसरता येईना. महामारीने सगळ्या गर्दीच्या गावांना दिलेली ही खरी गोष्ट. चीड आधीपासून होती. आता तिला तुलना मिळाली.

बूढापाऱ्याची तुलना मात्र उलटी आहे. इथल्यांना शांत तळं आणि सुंदर तळं एकाच वेळी पाहायला मिळालं ते फक्त टाळेबंदीत, आणि तेव्हा बाहेर पडायची बंदी होती.

रहिवासी मुकाट सोसतात असंही नाही. एका बाबतीत ते जिंकलेसुद्धा. तळ्यालगतचा रस्ता वर्षानुवर्षं राजधानीचं ‘धरना स्थल’ होता. छत्तीसगडच्या कुठल्याही कोपऱ्यातून निघालेला मोर्चा इथे येऊन बसे. कंत्राटी कर्मचारी, अंगणवाडी सेविका, भरतीची वाट पाहणारे उमेदवार. मंडप, भोंगे, रस्ता बंद. शाळेतल्या मुलांना ऐकू येत नाही, दुकानात गिऱ्हाईक पोचत नाही, आजाऱ्याला न्यायचं तर गाडी निघत नाही, अशा तक्रारी बूढापाऱ्याने सातत्याने केल्या. २०२२ च्या अखेरीस प्रशासनाने आंदोलनांची जागा हलवून शहराबाहेर, नवा रायपूरच्या बाजूला तूता इथे नेली. बूढापाऱ्याने सुटकेचा श्वास सोडला, आणि त्यात गैर काही नाही. ज्याच्या उशाशी रोज भोंगा वाजतो, त्याला लोकशाहीचं महत्त्व समजावायला जाणं सोपं नाही.

पण यातली गंमत यजमानांच्या शेजाऱ्यांनी सांगितली. निवृत्त शिक्षक, बोलणं मोजकं. “पहिले आंदोलनवाले होते, तेव्हा आमचं ऐकायला मंत्री नाही तरी पत्रकार तरी यायचे. अब चौपाटी का विरोध करना हो, तो तूता जाना पडेगा.” मोर्चाची गर्दी गेली, मौजेची आली. पहिलीकडे मागण्या होत्या, दुसरीकडे मोबाइल आहेत. पहिली हटवायला सरकारला रहिवाशांची तक्रार कामी आली. दुसरीबद्दलची तक्रार तितक्या तत्परतेने कुणाच्या कामी येत नाही, कारण तिच्यातून ठेका मिळतो, भाडं मिळतं आणि उद्घाटनाची फीत मिळते. हा सरळ हिशेब आहे, आणि बूढापाऱ्यातल्या दुकानदारांना तो विद्यापीठांपेक्षा लवकर कळला आहे.

हे सगळं ऐकताना महाराष्ट्रातली दोन गावं आठवत राहिली, कारण तिथे रहिवाशांच्या हाती काहीतरी होतं. साताऱ्याजवळ कासचं पठार २०१२ साली युनेस्कोच्या यादीत गेलं आणि फुलांच्या दिवसांत तिथे मुंबई-पुणे उतरू लागलं. आज तिथला प्रवेश मोजून दिला जातो, आधी नोंदणी करावी लागते, आणि व्यवस्थेत कास, एकीव, आटाळी, कुसुंबी या गावांची समिती आहे. फुलं पाहायला आलेल्याला शिट्टी वाजवून वाटेवर आणणारा मुलगा गावातला असतो. त्याच्यावरही लोक चिडतात, गर्दी कमी झाली असंही नाही. पण फाटक गावाच्या हातात आहे. माथेरानने तर १८ मार्च २०२५ रोजी बेमुदत बंद पुकारला, तो पर्यटकांच्या विरोधात नव्हे, पर्यटकांसाठी. दस्तुरी नाक्यावर पाहुण्यांना चुकीची माहिती देऊन लुबाडलं जातं, त्याने गावाचं नाव खराब होतं, हे गावाचं गाऱ्हाणं होतं. दुसऱ्याच दिवशी प्रशासनाने आश्वासनं दिली आणि बंद मिटला. गर्दीवर पोट असलेल्या गावाचा राग असा वेगळ्याच वळणाने निघतो.

बूढापाऱ्याचं पोट तळ्यावर नाही. ही नोकरदार, सराफ, वकील, शिक्षकांची वस्ती. चौपाटीचा रुपया तिच्या दारी येत नाही, फक्त द्रोण-पत्रावळी येतात. त्यामुळे उत्पन्नाच्या गाजरावर इथली तक्रार मिटणार नाही. यजमान काकांना मी विचारलं, तुमच्या हातात दिलं तर काय कराल? त्यांनी तळं बंद करा म्हटलं नाही, तिकीट लावा म्हटलं नाही. म्हणाले, गाड्या इनडोअर स्टेडियमच्या आवारात लावायला सांगा, दहाला दिवे बंद करा, आणि शाळेच्या मैदानाला हात लावू नका. तीन वाक्यांत आटपलं. या तीन वाक्यांसाठी कुठल्या सल्लागार कंपनीची गरज नव्हती, संध्याकाळी एखादी खुर्ची टाकून बसणारा अधिकारी पुरला असता.

गर्दीची सवय बूढापाऱ्याला मुळात आहेच. बूढेश्वर महादेवाच्या देवळात श्रावणातल्या सोमवारी आणि महाशिवरात्रीला रांग लागते, ती कुणाला खुपत नाही. पूर्वी गणपतीचं विसर्जन या तळ्यात व्हायचं. आता मिरवणुका खारून नदीच्या महादेव घाटाकडे वळतात आणि पाण्याच्या दृष्टीने ते बरंच झालं. काकू मात्र त्या रात्रीची आठवण काढून हळहळल्या. तेव्हा रात्रभर ढोल वाजायचे, झोप कुणालाच नसायची, घराच्या ओट्यावर अनोळखी माणसं बसायची आणि त्यांना पाणी दिलं जायचं. मी म्हटलं, “मग काकू, आताच्या ओट्यावर बसणाऱ्यांनी काय घोडं मारलंय?” त्या म्हणाल्या, “अरे, ते आमच्याकडे यायचे. हे आमच्यासमोर फोटो काढायला येतात. आम्ही मागे दिसलो तर बाजूला व्हा म्हणतात.”

पणजीच्या फोंतेन्हासमध्ये हेच वाक्य कोकणीतून ऐकायला मिळतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस माडांच्या बागेत वसलेली ही वस्ती, निळ्या-पिवळ्या-लाल भिंती, सेंट सेबॅस्टियनचं १८१८ सालचं चॅपेल. टाळेबंदी उठल्यावर लग्नाआधीची छायाचित्रं काढणाऱ्यांनी आणि रीलवाल्यांनी तिचा ताबाच घेतला. घराच्या पायऱ्यांवर, दारांना टेकून, कधी तर खिडकीत डोकावून. शेवटी रहिवाशांनी भिंतींवर छायाचित्रं काढू नका अशा पाट्या लावल्या. त्या पाट्यांचेही लोक आता फोटो काढतात.

हे मी रात्री जेवताना सांगत होतो. वरणफळं होती आणि सोबत ताजं लोणचं. काका हसले. काकूंनी कान टवकारले, कारण दिवाळीच्या सुटीत सगळ्यांचं गोव्याला जायचं ठरलं होतं. रायपूरहून विमान, चार दिवसांचं आरक्षण झालेलं. नातवाने मोबाइल काढून त्याच पिवळ्या भिंतीचं चित्र दाखवलं. हीच ना ती जागा? त्याच्या मित्राने तिथेच काढलाय.

“हीच,” मी म्हटलं.

काकूंनी चित्र डोळ्यांजवळ धरून पाहिलं. “रंग सुंदर आहे हो. तिथे गर्दी कधी कमी असते?”

“सकाळी आठच्या आत जा,” मी सांगितलं. “आणि कुणी दार उघडलं तर बाजूला व्हा.”

“ते तर होऊच,” त्या म्हणाल्या, आणि नातवाला भिंतीशी जुळेल असा सदरा कोणता घालायचा, यावर बोलणं सुरू झालं.